वेगळ्या चुलीचा कागद

झेरॉक्सच्या काचेवर कागद पालथा ठेवायचा असतो, म्हणून दिवसाला चारपाचशे कागद माझ्या हाताखालून जातात तरी मी एकही वाचत नाही. सातबारा, जातीचा दाखला, एफआयआर, लग्नपत्रिका, काय असेल ते असो, ठेवायचा, झाकण दाबायचं, हिरवा उजेड सरकून गेला की उचलायचा. बीडच्या कोर्टासमोरच्या वत्सलाबाईंच्या दुकानात मला दीड वर्ष झालं आणि या न वाचण्याची मला चांगली सवय झाली होती. त्या सकाळी माझे वकील अर्जुनराव यांच्याकडून गठ्ठा आला. सातआठ कागद झाले असतील, एकाचा कोपरा दुमडला म्हणून मी तो सरळ करायला उचलला आणि मला माझं अक्षर दिसलं. गोल, उभं, शाळेत बाई मला फळ्यासमोर उभं करून वर्गाला दाखवायच्या तसलं. माझंच होतं, त्यात शंकाच नाही. पण खाली नाव माझं नव्हतं. दगडाबाई राधाकिशन, राहणार नांदूरघाट, आणि त्याच्यावर अंगठ्याचा ठसा. दगडाबाई म्हणजे माझी सासू. मागं दोन माणसं आधारकार्ड घेऊन उभी होती, ती म्हणाली, ताई, लवकर करा, साहेब उठतील. मी कागद पालथा ठेवला आणि झाकण दाबलं. झाकण नीट बसलं नव्हतं, पहिली प्रत काळी आली.

अपिलाला नव्वद दिवस असतात. तो एकोणनव्वदावा होता. माझ्या नवऱ्यानं, शहादेवनं, माझ्यावर घटस्फोटाचा दावा लावला आणि खालच्या कोर्टानं तो मंजूर केला. पत्नीने कोणतेही सबळ कारण नसताना पतीचे घर सोडले, असं निकालात लिहिलंय. ती ओळ मला पाठ आहे. जी घर सोडून जाते तिच्याकडं पोरगी कशी द्यायची, म्हणून पोरगीही त्याच्याचकडं. छबू माझी, नऊ वर्षांची. शाळेत नाव वेगळं आहे, घरात छबू. मला ती महिन्यातून एकदा भेटते, दुसऱ्या रविवारी, केजच्या स्टँडसमोरच्या रसवंतीत, तीन तास. बाकड्याच्या एका टोकाला मी, मध्ये छबू, दुसऱ्या टोकाला तिची आजी. छबू दोन ग्लास रस पिते आणि तिसरा मागत नाही, कारण तिसरा संपला की निघायचं असं तिनं मनाशी ठरवून टाकलंय. आता तर शहादेवला आष्टीकडची एक पोरगी सांगून आलीय म्हणतात. नव्वद दिवस गेले की तो मोकळा झाला. मग छबूला दुसरी आई होईल आणि दुसऱ्या रविवारी कुणी आणलंच नाही, तर मी कुणाच्या दारात जाऊन विचारायचं? हे एकोणनव्वद दिवस मी याच भीतीत काढलेत. भाकरी थापताना, एसटीत, झेरॉक्स काढताना. नेकनूरहून मी रोज येते, भावाकडं राहते, मुंजाजीकडं. तो चांगला आहे. पण त्याच्या घरात मला पाणी प्यायचं तरी मी आधी इकडंतिकडं बघते.

तो कागद तेराच्या सालचा. त्या वर्षी लई वाईट दिवस होते. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायचो. जनावरं जगवायला आमच्या भागातल्या दूध सोसायटीनं छावणी घातली, चारा सरकारचा, व्यवस्था सोसायटीची. एका घराच्या कार्डावर पाचच जनावरं, असा नियम. आमची अकरा होती. सोसायटीचा सेक्रेटरी ज्ञानोबा, तसा भला माणूस, त्यानंच वाट दाखवली. म्हणाला, घरात वेगळ्या चुली दाखवा, मग प्रत्येकाची पाच बसतील. जमीन सासऱ्याच्या नावावर, शहादेव त्याच कार्डावर, मग वेगळं कुणाला दाखवायचं? बायांना. बायांना वेगळं दाखवणं सोपं होतं. बाई नवऱ्यापासून वेगळी राहते म्हटलं की कावून राहते असं कुणी विचारत नाही. आमच्या घरात दहावी झालेली मीच, म्हणून मीच लिहिलं. मी माझ्या पतीपासून विभक्त राहते, माझी चूल वेगळी आहे, माझ्यावर कोणाचा ताबा नाही, माझी जनावरे माझी आहेत. एक माझ्या नावाचा, एक आत्याच्या. आम्ही सासूला आत्या म्हणतो. ते बघून शेजारच्या बाया आल्या, मग वस्तीवरच्या आल्या. मी कडब्याच्या पेंडीवर बसून, मांडीवर परात पालथी घेऊन, चार दिवसांत बावीस कागद लिहिले. शब्दही तेच. हसत होतो आम्ही. एक म्हातारी म्हणाली, चाळीस वर्षांनी सुटका झाली गं माझी, ती पण म्हशीपायी. म्हशींच्या नावानं अख्खी वस्ती नवऱ्यावेगळी झाली आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. पुरुषांनीच तर बायांना रांगेत उभं केलं होतं.

दुपारी वत्सलाबाईंना सांगून मी वकिलांकडं गेले. अर्जुनराव सत्तरीपुढचे, कानात मशीन, पण त्या दिवशी त्यांच्या अंगात वारं शिरल्यागत झालं होतं. माहितीच्या अधिकारात त्यांनी छावणीचे कागद मागवले होते, दोन महिने कुणी दाद दिली नव्हती, आणि ते कालच हातात पडले. त्यांनी टेबलावर माझा कागद ठेवला आणि त्याच्या शेजारी आत्याचा. मग म्हणाले, सिंधुताई, बघा. तारीख एक, अक्षर एक, शब्द एक, घर एक. तुमच्या सासूबाईंनी खालच्या कोर्टात शपथेवर सांगितलंय की मी जन्मभर नवऱ्यासोबतच राहिले. मग त्यांचा कागद खोटा. त्यांचा खोटा, तर तुमचा खरा कसा? खालच्या कोर्टानं तुमच्या नवऱ्यानं लावलेला तुमचा एवढा एकच कागद धरून तेरापासून तुम्ही घर सोडलं असं म्हटलंय. तो खाली पडला की सोडून गेल्याचं काही उरत नाही, आणि पोरीचंही नव्याने बघावं लागेल. मी म्हणाले, बाकीच्या वीस जणी? तर म्हणाले, त्यांची गरज नाही, हा एक पुरे. त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं अंगठ्यावर. मी विचारलं, यानं आत्याचं काय होईल? "सरकारची फसवणूक म्हणता येते. तुमची, त्यांची, दोघींचीही," ते म्हणाले. "होईलच असं नाही. पण होणार नाही, असं मी लिहून देणार नाही."

खालच्या कोर्टात हे मी का सांगितलं नाही, असं ते मला दर भेटीला विचारायचे, त्या दिवशी मात्र विचारलं नाही. तेव्हा माझा वकील दुसरा होता. तो म्हणाला, कागद खोटा म्हणालात तर उद्या पोलीस दारात येतील, विचारतील तेवढंच बोला. मी भ्याले. भ्यालेल्या माणसाला गप्प बस म्हटलं की त्याला तेच पाहिजे असतं. मला विचारलं, सही तुमची? मी म्हणाले, हो. मजकूर तुमच्या हातचा? हो. कुणी जबरदस्ती केली? न्हाई. तिन्ही उत्तरं खरी होती. आत्या साक्षीला उभी राहिली तेव्हा तिनं पदर दातात धरलेला होता. सून तिच्या मनानं गेली, म्हणाली, आणि सगळा वेळ माझ्या चपलांकडं बघत होती. मी मनानं गेले नव्हते. दोन वर्षांमागं शहादेवनं मला स्वतः मोटरसायकलवर बसवून नेकनूरला सोडलं, चार दिवस राहा म्हणाला, पिशवीत दोन लुगडी, आणि छबूची शाळा बुडायला नको म्हणून ती तिथंच. चौथ्या दिवशी तो आला नाही. विसाव्या दिवशी नोटीस आली.

शहादेव मारायचा नाही. मारणारा माणूस गावाला कळतो, त्याला चार लोक बोलतात. शहादेव ताट पालथं घालायचा. मी रानातून आले की चुलीजवळ माझं ताट पालथं दिसायचं, म्हणजे आज मी जेवायचं नाही. काय चुकलं ते सांगायचा नाही. कधी एक दिवस, कधी तीन. सगळे जेवायचे, तोही जेवायचा, छबूला घास भरवायचा, बोलायचा, हसायचा, आणि ते ताट तिथं पालथं. सासरा बघायचा आणि पाणी प्यायला उठून जायचा. आत्या पदराखाली भाकरी लपवून गोठ्यात आणून द्यायची, आणि मी ती शेणाच्या वासात उभ्यानं खायची. एकदा मी म्हणाले, आत्या, तुम्ही एकदा तरी बोला की त्याला. ती म्हणाली, बाई, त्याच्या बापानंच त्याला शिकवलंय, माझ्या ताटावर. त्यानंतर मी कधी काही म्हणाले नाही. अजूनही कुठं ताट पालथं दिसलं तर माझी भूक मरते. मुंजाजीच्या बायकोला मी हे सांगितलेलं नाही. ती भांडी घासून पालथी घालते तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहते.

आणि छावणीत सहा महिने ताटच नव्हतं. हे मी अर्जुनरावांना सांगू शकले नाही. शहादेव पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागला, सासरा घर राखायला, आणि जनावरांसोबत मी, आत्या आणि तीन वर्षांची छबू. एका परातीत तिघी जेवायचो. वर गोणपाटाचं छप्पर, खाली कडबा, डोक्याशी जनावरं रवंथ करायची. मी आयुष्यात कधी झोपले नव्हते तशी झोपले. लोक म्हणायचे, काय हाल गं बायांचे, आणि मी मान हलवायची. आत्या तर पार बदलली. दुपारी उताणी पडून बायांना नकला करून दाखवायची, ज्ञानोबाची, डॉक्टरची, स्वतःच्या नवऱ्याची. पोट दुखेपर्यंत हसवायची. छबू तिच्या पोटावर बसायची. दुष्काळ संपू नये असं मला वाटायचं. जनावरं मरत होती, माणसं गाव सोडत होती, आणि मला वाटायचं हे असंच चालू राहावं. असं वाटणाऱ्या बाईला काय म्हणायचं? कधीकधी मला वाटतं, जज्जसाहेबांनी काही चूक केली नाही. ते कागद वाचत होते आणि त्यांना त्यात खरी मी दिसले.

अर्जुनरावांनी प्रतिज्ञापत्र टाईप करून ठेवलं होतं, उद्या सकाळी नोटरीसमोर सही करायची. मी वाचलं. सदर जबाबातील मजकूर पूर्णपणे खोटा असून तो केवळ चाऱ्यासाठी दिला होता. त्या काळात मी पतीपासून एक दिवसही विभक्त राहिले नाही व तशी माझी कधीही इच्छा नव्हती. शेवटचे चार शब्द मी दोनदा वाचले. मी विचारलं, हे इच्छेचं काढता येईल का? ते म्हणाले, सिंधुताई, तेच तर लागतं. नुसतं वेगळं राहून भागत नाही, सोडायचं मनात होतं का, कोर्ट ते बघतं. मनात होतं का, असं त्यांनी मला विचारलं नाही. चांगला वकील असले प्रश्न विचारत नाही बहुतेक. त्यांनी दुसरंही सांगितलं. निकाल फिरला तर कायद्यानं तुम्ही त्याची बायको. तो नांदायला बोलवील, पोरीसाठी जावंही लागेल, मनाची तयारी ठेवा. मी मान हलवली, छावणीत हलवायची तशी.

तिथून निघाले आणि कोर्टाच्या भिंतीच्या सावलीत उभं राहून सासरच्या घरच्या मोबाईलवर फोन लावला. दिवसा तो आत्याजवळ असतो, शहादेव यंदा परत टँकरवर आहे. माझं नाव ऐकून तिनं आधी आवाज चढवला, कुणीतरी जवळ असणार. छबू शाळंत गेलीय, तुझं काय काम हाय, म्हणाली. मग पावलं वाजली, गोठ्याचं दार वाजलं आणि आवाज खाली आला. मी सांगितलं, आत्या, छावणीतला तुमचा कागद सापडलाय, अंगठ्याचा. उद्या कोर्टात लावला तर छबू मिळायची आशा आहे. तिकडं म्हशीची साखळी वाजत राहिली.

"मला आत टाकतेल का, सिंधे?"

मी म्हणाले, बहुतेक नाही. तो बहुतेक शब्द माझ्याच कानाला वाईट लागला.

"आन टाकलं तर पोरीला कोण बघंल? त्या आष्टीच्या पोरीच्या हाती द्यायची?"

मला वाटलं, आता ती फोन ठेवील. ती म्हणाली, छबू काल भाकरी करायला शिकली, एक बाजू करपली, पण गोल केली. मी ऐकत राहिले. मग ती बोलली ते असं बोलली की मला फोन कानावर दाबून धरावा लागला.

"तवा तू मला वाचून दाखवलंस बघ, माझ्यावर कुणाचा ताबा न्हाई म्हणून. मला लई बरं वाटलं, सिंधे. अंगठा लावला तवा वाटलं, सुटले. तू खोटं लिवलं आसशील. मी खरा लावला." साखळी पुन्हा वाजली. "मंग छावणी मोडली. आता तू लाव म्हणू का नको म्हणू, हे मला इचारू नको. मला इचारलंस तर मी नकोच म्हणीन. भ्या वाटतं मला." फोन बंद झाला. मी पुन्हा लावला नाही. माझ्याजवळून वकील जात होते, पोलीस जात होते, एका बाईला तिचा भाऊ ओढत नेत होता, आणि मी भिंतीला पाठ लावून उभी होते. आत्याचा अंगठा माझ्या पिशवीत होता. माझ्या एका शब्दानं छबूची आई तिच्याजवळ येणार होती, आणि त्याच शब्दानं तिची आजी जाणार होती, किंवा नव्हती जाणार. होईलच असं नाही, होणार नाही असंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीनं आले. दुकान उघडून झाडत होते तेवढ्यात एक जोडपं आलं, तिकडचं कुठलं तरी, खेड्यातलं. माणूस हसरा, बाई पोटुशी. यंदा परत छावण्या पडणार अशी बातमी आहे, सगळीकडं तेच चाललंय. तो म्हणाला, ताई, अक्षर चांगलं हाय म्हणतेत तुमचं, हिच्या नावानं वेगळ्या चुलीचा कागद लिवून द्या, आठ जनावरं हायेत. बाई मागं उभी राहून हसत होती. मला तिच्या पोटाकडं बघवेना. मी म्हणाले, मी लिहीत नाही. तो म्हणाला, कावून? समदेच लिवतेत की. मी म्हणाले, पेन संपलंय. समोर चार पेनं पडली होती. त्यानं बायकोकडं बघून खांदे उडवले आणि दोघं शेजारच्या दुकानात गेली. दहा मिनिटांनी कागद घडी घालत बाहेर आली. तिनं जाताना मला हात केला.

अकराला अर्जुनराव मला नोटरीकडं घेऊन गेले. कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसतो, शिक्का, पॅड, रजिस्टर. सही करा म्हणतो आणि शिक्का मारतो, एवढंच त्याचं काम, मी रोज बघते. पण त्या दिवशी गर्दी नव्हती आणि त्यानं वाचलं. माझं आधारकार्ड बघितलं, पत्ता नांदूरघाटचाच होता, तो मी बदललेला नाही. मग सोबत जोडलेला आत्याचा कागद बघितला आणि विचारलं, या कोण? मी म्हणाले, सासूबाई. म्हणाला, म्हणजे तुमचा पण खोटा आणि यांचा पण खोटा? अर्जुनराव मशीन कानात नीट बसवत माझ्याकडं बघत होते. हा कागद काढून घ्या, एवढं म्हणायला मला वेळ होता. आत्या गोठ्यात फोन धरून उभी असलेली दिसली. करपलेली गोल भाकरी दिसली. तिसरा ग्लास न मागणारी छबू दिसली.

"दोन्ही खोटे," मी म्हणाले.

"आणि वेगळं राहायची इच्छा कधी नव्हती?"

"कधीच नव्हती."

त्यानं रजिस्टर पुढं केलं. मी सही केली, नाव, गाव, तारीख. पेंडीवर बसून परातीवर लिहिलं होतं तसंच आलं, गोल आणि उभं. हात जरासुद्धा कापला नाही. तेव्हाही कापला नव्हता. त्यातलं एक तर खोटं असणार, आणि माझ्या हाताला दोन्ही वेळा काही कळलं नाही, हे बघून मला धडकी भरली. अर्जुनराव खूश होते. दुपारी एकला अपील दाखल झालं, तारीख पडली, ते म्हणाले, आता निर्धास्त राहा, आणि जेवायला घरी गेले.

मी दुकानावर आले. वत्सलाबाई बँकेत गेल्या होत्या. मला भूक लागली होती, दोन दिवसांत पहिल्यांदा. मागच्या खोलीत डबा घ्यायला गेले तर मोरीच्या कट्ट्यावर माझं ताट पालथं होतं. वत्सलाबाईंनी सकाळी घासून निथळायला घातलं होतं, दुसरं काही नाही, हे मला कळत होतं. मी दारातच उभी राहिले. निकाल फिरला तर रोज हेच बघायला मी परत जाणार आहे, आणि छबूही आता चुलीजवळ बसायला लागलीय. बाहेर कुणीतरी हाक मारत होतं, ताई, एक झेरॉक्स आहे. ताट सरळ करायला मी हात पुढं केला. तो आता कापत होता.